ओघ

सुचेताला न्यूमोनिया झाला म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं, त्याच आठवड्यात हेमंतने तिचा कॉम्प्युटर उघडला.

कॅबिनेटचं झाकण काढलं तर आत धुळीची गोधडीच. पंख्याच्या पात्यांत केस अडकलेले, कोपऱ्यात मेलेले मुंगळे. हेमंतने ब्रशने सगळं हलकेच झाडलं, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट पुसून नवी लावली, रॅमच्या पट्ट्यांची टोकं खोडरबराने घासली. कराडच्या पॉलिटेक्निकमध्ये उभी नोकरी त्याने हेच शिकवण्यात घालवली होती. जुनं झालं म्हणून मशीन टाकायचं नसतं, हे त्याचं वर्गातलं पेटंट वाक्य. हे मशीनही त्यानेच जोडलेलं, ओवी शाळेत असताना. आता ओवी हॅम्बुर्गला होती, आणि तिला दिवस गेले होते.

सुचेता कवठेकर म्हणजे कराड कोर्टातली नावाजलेली वकील. तिची उलटतपासणी ऐकायला दुसऱ्या कोर्टातले ज्युनिअर मागच्या बाकावर येऊन बसत. चार वर्षांपूर्वी एका सकाळी दात घासता घासता ती कोसळली. मेंदू जिथे मणक्याला जोडला जातो त्या देठात रक्ताची गुठळी अडकली होती. बुद्धी शाबूत, कान शाबूत, आठवण लख्ख, पण मानेखालचं सगळं बंद आणि जीभही बंद. उरले फक्त डोळे, तेही वर आणि खाली एवढेच हलणारे. आयसीयूमध्ये डॉक्टरांनी दोघांना पहिली भाषा शिकवली: डोळे वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. वर्षभराने उजव्या गालाचा एक स्नायू जागा झाला, तेव्हा हेमंतच्या दोन विद्यार्थ्यांनी तिच्यासाठी एक अक्षरफळा तयार करून दिला. पडद्यावर बाराखडीच्या ओळी एकामागून एक उजळायच्या. हवी ती ओळ आली की सुचेता गाल हलवायची, मग त्या ओळीतली अक्षरं उजळायची, मग काना-मात्रा. एक वाक्य पुरं होईपर्यंत चहा निवून जायचा.

आणि हेमंतचा स्वभाव मुळात उतावळा. ‘पा’ आलं की तो म्हणायचा, ‘‘पाणी?’’ तिला म्हणायचं असायचं ‘पाठ’. डोळे खाली. ‘‘पाय?’’ पुन्हा खाली. मग सगळं पहिल्यापासून.

अलीकडे फळा वाक्याच्या मध्येच गोठायला लागला होता. त्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टमला कोणी विचारत नव्हतं. त्याच सुमारास ‘सांगाती’ आली. ही नवी सिस्टम जुन्या डेस्कटॉपवरही चालायची, कारण खरं काम ती दूर कुठल्या तरी मोठ्या कॉम्प्युटरांवर करायची. घरातलं मशीन म्हणजे नुसती खिडकी. आणि बोलू न शकणाऱ्या माणसांसाठी तिच्यात वेगळी सोय होती. हेमंतने सुचेताला माहिती वाचून दाखवली. तिने बराच वेळ घेऊन तीनच शब्द लिहिले होते: जुनं बरं आहे.

‘‘तुम्ही वकील लोक नव्या कायद्यालासुद्धा आधी नाहीच म्हणता,’’ असं म्हणून त्याने विषय सोडला होता. पण मनातून नाही. ती दवाखान्यातून येईपर्यंत सगळं तयार ठेवू, एकदा वापरलं की तीच म्हणेल, आधी का नाही केलंस, असा त्याचा हिशेब.

त्याने जुन्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या, पेनड्राइव्हवर सांगाती घेतली आणि मशीन चालू केलं. ‘हे यंत्र फार जुने आहे,’ असा निरोप आला. हेमंतला उलट चेव चढला. दोन सेटिंगं बदलून, एक तपासणी बंद करून त्याने सिस्टमला आत घेतलंच. हिरवी पट्टी इंचाइंचाने सरकू लागली. लग्नात मुलाकडच्यांची वाट बघावी तसा तो पडद्यासमोर बसून राहिला.

मग प्रश्न आले. सुचेताच्या जुन्या मेल, कोर्टातले युक्तिवाद, भाषणांचे आणि घरगुती समारंभांचे व्हिडिओ वापरायची परवानगी आहे का? त्याने दिली. तिच्या आवाजाचे नमुने? दिले. ‘वापरणाऱ्या व्यक्तीने स्वतः संमती दिली आहे.’ यापुढे एक रिकामा चौकोन होता. हेमंतचा हात क्षणभर थांबला. मग त्याने त्यात खूण केली. नवरा आहे मी, एवढंही करू नये?

शेवटी एक आडवी पट्टी आली, तिच्यावर सरकणारं बटण. नाव होतं ‘ओघ’. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ओघ कमी ठेवल्यास फक्त व्यक्तीने दिलेले शब्द बोलले जातील. ओघ वाढवल्यास, बोलणे नैसर्गिक वाटावे म्हणून उरलेले शब्द सांगाती भरेल.

हेमंतने बटण पार उजव्या टोकाला नेलं.

सुचेता घरी आली त्या दुपारी त्याने तिच्या कपाळाला नवी पट्टी बांधली. मऊ, मनगटाच्या घड्याळाच्या पट्ट्याएवढी. दिवसभर तिचं करायला येणाऱ्या लताबाई हात पुसत दारात उभ्या राहिल्या. कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून आधी नुसती खरखर आली. मग आवाज आला. सुचेताचा. चार वर्षांपूर्वीचा, किंचित घोगरा, शब्दाच्या शेवटी हलकाच जोर देणारा.

‘‘अगंबाई, एवढा खटाटोप माझ्यासाठी? की भांडायला कोणी नव्हतं घरात?’’

लताबाईंनी तोंडाला पदर लावला. हेमंत खुर्चीवर बसला तो उठेचना. तो रडत होता. सुचेताच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं, आणि ते बघून त्याला आणखीच भरून आलं.

त्या पट्टीचं शास्त्र त्याला पुरतं कळलं होतं, निदान त्याला तसं वाटत होतं. माणूस बोलतो त्याच्या किंचित आधी मेंदूचा एक भाग ओठांना आणि जिभेला हुकूम सोडतो. सुचेताच्या बाबतीत हुकूम निघत होता, वाटेतला पूल तेवढा खचला होता. कवटीवरून त्या हुकमाची विजेची थरथर पट्टी टिपायची. पण कवटीबाहेरून मेंदू ऐकणं म्हणजे मंगल कार्यालयाच्या बाहेर उभं राहून आतलं बोलणं ऐकणं. आत माणसं आहेत, गडबड आहे, कोणी हसलं, कोणी रागावलं, एवढं कळतं. नेमकं कोण काय म्हणालं ते कळत नाही. मग सांगाती अंदाज बांधायची. समोरच्याने काय विचारलं, ही बाई पूर्वी अशा वेळी काय म्हणायची, तिच्या हजारो मेलमध्ये कुठल्या शब्दामागे कुठला शब्द येतो, यावरून ती वाक्य जुळवायची. थरथरीतून चार दाणे यायचे, बाकीची माळ ती ओवायची. चारच दाणे आहेत की एकही नाही, हे माळ बघून कळायला मार्ग नव्हता.

घर बदललं. सकाळी हेमंत पेपर वाचता वाचता काहीतरी म्हणायचा आणि आवाज त्याला तोडीस तोड उत्तर द्यायचा. पालिकेच्या पाण्यावरून, शेजारच्या कर्ण्यावरून, त्याच्या पिठल्यातल्या गुठळ्यांवरून. ओवी व्हिडिओवर आली की मायलेकी तासभर बोलायच्या. हेमंतने आपली खुर्ची हळूहळू पलंगापासून टेबलाकडे सरकवली. आवाज तिथून यायचा ना. माणूस आवाजाकडे तोंड करून बसतो.

बाळंतपणाला कोणीतरी हवं होतं. ओवीच्या नवऱ्याच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, ती येऊ शकत नव्हती. ओवी थेट काही म्हणाली नाही, पण ती एकटी पडली आहे हे तिच्या आवाजावरून कळत होतं. सहा महिने गेलो तर? हेमंतच्या डोक्यात विचार आला आणि त्याच्या पाठोपाठ दुसराही आला, जो त्याने कोणाला सांगितला नसता: सहा महिने सलग झोप. कूस बदलायचा गजर नाही, नळीतून जेवण भरवणं नाही. वाईजवळ एक चांगलं शुश्रूषा केंद्र होतं. तो गुपचूप जाऊन बघून आला. नदीकाठ, स्वच्छ खोल्या, हसऱ्या नर्स. पण परतताना गाडीत त्याला राहून राहून वाटलं की आपण चोरी करून आलोय.

‘‘सुचेता,’’ त्याने पडद्याकडे बघत विचारलं, ‘‘ओवीकडे जाऊन येऊ का मी? तुझी सोय वाईला करतो. सहा महिन्यांचा प्रश्न आहे.’’

‘‘जा की,’’ आवाज म्हणाला. ‘‘तिथे निदान भांडी तरी घासशील. मी कुठे पळून जाणार आहे?’’

हेमंत मोठ्याने हसला. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. वळून बघितलं तर सुचेताच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. या आजारात डोळ्यांना आपोआप पाणी येतं, असं डॉक्टर कधीतरी म्हणाले होते. त्याने ते टिपलं आणि तिकिटं बघायला बसला.

डिंकाच्या लाडवांची तयारी चालली होती त्या सकाळची गोष्ट. हेमंत स्वयंपाकघरात खोबरं किसत होता. त्याने तिथूनच हाक दिली, ‘‘सुचेता, ओवीला खोबरं जास्त आवडतं की खारीक?’’

‘‘खोबरं घाल भरपूर,’’ आतून आवाज आला. ‘‘तुझ्या हाताला चव नाही, खोबऱ्याला तरी असू दे.’’

तो हसत हसत किसणी घेऊनच खोलीत गेला. सुचेताचं डोकं ओल्या टॉवेलात गुंडाळलेलं होतं. खोलीत शिकेकाईचा वास होता. लताबाई बादली घेऊन बाहेर निघाल्या होत्या.

‘‘डोकं धुतलं बाईंचं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पट्टी भिजंल म्हणून काढून ठेवलीय, सर. ती बघा, खिडकीला अडकवलीय. मघाधरनं तिथंच हाय.’’

पट्टी खिडकीच्या गजाला लोंबत होती. वाऱ्याने जराशी हलत होती.

‘‘काय रे, गप्प का झालास?’’ स्पीकर म्हणाला. ‘‘खोबरं खवट निघालं वाटतं.’’

हेमंतने सुचेताकडे पाहिलं. किती आठवड्यांनी, देव जाणे, त्याने तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती. मग तिने नजर खाली नेली. वर आणली, पुन्हा खाली नेली. पुन्हा खाली. सावकाश, ठासून, मंद पोराला शिकवावं तसं.

नाही. नाही. नाही.

लताबाई गेल्यावर त्याने दार लोटलं. सिस्टमच्या मदतीच्या पानांत त्याला उत्तर सापडलं, आणि ते लपवलेलं मुळीच नव्हतं. ओघ पूर्ण असेल तर सांगाती क्षीण सिग्नल म्हणजे थकलेली व्यक्ती असं समजे आणि तिला त्रास न देता बोलणं चालू ठेवी. सिग्नल अजिबात नसणं हेही तिच्या लेखी फार थकणंच.

त्याने सुचेताच्या कपाळाला पट्टी बांधली, बटण पार डाव्या टोकाला आणलं आणि घसा खाकरून विचारलं, ‘‘मी जाऊ का ओवीकडे?’’

बराच वेळ काहीच नाही. मग आवाज आला, सुचेताचा नव्हे, कोरा, कोणाचाच नसलेला. ‘‘शब्द ओळखता आला नाही. कृपया पुन्हा विचारा.’’

पुन्हा विचारायला काय लागत होतं? पट्टीचीही गरज नव्हती. पलंगाशी जायचं, वाकायचं, तिच्या डोळ्यांत बघून विचारायचं. वर की खाली. चार वर्षांपूर्वी आयसीयूत शिकलेली भाषा कोणी काढून घेतली नव्हती. हेमंत टेबलाशी बसून राहिला. तिकिटं काढून झाली होती. वाईची खोली ठरली होती. आपण पुन्हा का विचारत नाही आहोत हे त्याला नेमकं ठाऊक होतं, आणि ठाऊक असताना त्याच्या बोटांनी ते बटण धरलं आणि हळूहळू, कोणी बघत असल्यासारखं चोरून, पुन्हा उजवीकडे नेलं.

‘‘किती वेळा विचारशील?’’ आवाज लाडिकपणे म्हणाला. ‘‘जा म्हटलं ना.’’

‘‘बरं,’’ हेमंत म्हणाला. त्याचे कान तापले होते. त्याने पलंगाकडे पाहिलं नाही.

त्यानंतरचे दिवस त्याने कसे काढले हे त्याचं त्यालाच माहीत. टॉवेल, औषधं, नळी, कूस, सगळं तो वेळेवर करायचा. उलट जास्तच निगुतीने करायचा. फक्त तिच्या तोंडाकडे बघायचं टाळायचा. पावडर लावताना मान बघायची, चष्मा पुसताना काचा बघायच्या. आवाज मात्र सुरूच होता. तो बंद केला असता तर का बंद केला ते सांगावं लागलं असतं.

नफीसा मुजावर भेटायला आली. सुचेताच्याच कोर्टातली वकील, तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. मध्यंतरी ती फार येत नसे. अक्षरफळ्यासमोर बसून आपल्याला रडू आवरत नाही, म्हणायची. आवाज ऐकून ती हरखली. जुन्या न्यायाधीशांच्या नकला झाल्या, कोणाच्या तरी फसलेल्या जामिनाची गोष्ट झाली. हसता हसता नफीसाने डोळे पुसले.

‘‘हेमंत, खरं सांगते,’’ निघताना ती दारात म्हणाली, ‘‘दुसरा कोणी असता तर कंटाळून गेला असता. तू माझी सुचू परत आणलीस रे.’’

‘‘छे, मी काय केलं,’’ हेमंत म्हणाला.

ती पायऱ्या उतरून गेली तरी तो दाराची कडी धरून उभा होता. पॉलिटेक्निकमध्ये एकदा दुसऱ्याचं जर्नल उतरवून आणलेल्या पोराला त्याने वर्गासमोर उभं केलं होतं. आपण त्याला फार वेळ उभं केलं, असं त्याला आज पहिल्यांदा वाटलं.

रविवारी ओवीचा व्हिडिओ आला. नेहमीप्रमाणे हेमंतने मोबाइल स्टँडवर लावला, पडद्यात पलंगही दिसेल असा. ओवीचं पोट आता चांगलंच दिसत होतं.

‘‘आई, एक विचारू? खरं सांगायचं,’’ ती म्हणाली. ‘‘बाबा इकडे येणार, तुला तिकडे ठेवणार. तुला नाही ना गं वाईट वाटत? तू नको म्हणालीस तर मी दुसरी काहीतरी सोय बघते. खरंच.’’

‘‘वाईट कसलं?’’ आवाज म्हणाला. ‘‘अगं मीच ढकलतेय त्याला. चार दिवस मलाही सुटका.’’

‘‘आई, तू ना...’’ ओवीने रुमाल शोधला. ‘‘मला वाटत होतं, मी स्वार्थी आहे.’’

हेमंतने पलंगाकडे पाहिलं. पाहायचं नव्हतं, पण पाहिलं. सुचेता लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि जिवाच्या आकांताने पुन्हा पुन्हा नजर खाली नेत होती. नाही, नाही, इकडे बघ, नाही. ओवीला ती दिसत नव्हती. ओवी रुमालात नाक पुसत होती. मग सुचेताने डोळे मिटले. थकून मिटतात तसे नव्हे, घट्ट. तिच्याजवळ लावून घेता येण्यासारखं तेवढं एकच दार होतं.

‘‘रडतेस काय वेडे,’’ स्पीकरमधून हसू आलं. ‘‘या वेळी रडू नये, बाळ रडकं होतं.’’

‘‘ओवी,’’ हेमंत म्हणाला. ‘‘ही आई बोलत नाहीये.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘मशीन बोलतंय. स्वतःच्या मनाने. आई नाही म्हणतेय, ओवी. तिला जायचं नाहीये वाईला.’’

त्याने हात लांब करून स्पीकरची वायर उपटली. खोली इतकी शांत झाली की फोनमधून हॅम्बुर्गच्या रस्त्यावरची गाडी ऐकू आली. ओवीचा चेहरा पांढरा पडला होता.

‘‘मी तिच्याशी इतके दिवस...’’ ती म्हणाली. ‘‘बाबा, तुम्हाला कधी कळलं?’’

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच, असं म्हणता आलं असतं. शब्द जिभेवर आलाही होता.

‘‘लाडू करत होतो तेव्हा,’’ तो म्हणाला. ‘‘दोन आठवडे झाले असतील.’’

‘‘आणि तुम्ही गप्प बसलात.’’

‘‘हो.’’

‘‘मी नंतर बोलते,’’ ओवी म्हणाली आणि पडदा काळा झाला.

हेमंतने सुचेताच्या कपाळावरची पट्टी सोडली. त्वचेवर तिचा लाल वळ उठला होता. खुर्ची ओढून तो पलंगाशी बसला, अगदी जवळ. ‘‘सुचेता, जुनं घालू का परत? तू म्हणशील तर.’’

डोळे मिटलेलेच होते. तो बसून राहिला. लताबाईंनी जेवण आणून ठेवलं ते तसंच राहिलं. दुपार कलली, खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं. काय म्हणावं ते त्याला सुचत नव्हतं, आणि जे सुचत होतं ते स्वतःला सोडवण्यासाठीच होतं हे कळत होतं. म्हणून तो गप्प राहिला. संध्याकाळी दिवा लावायच्या सुमाराला सुचेताने डोळे उघडले. त्याच्याकडे पाहिलं. मग वर.

जुनी सिस्टम घालणं नव्या सिस्टमपेक्षा कठीण गेलं. सांगाती जागा सोडेना, डिस्क पुसून कोरी करावी लागली. फळा बाहेरच्या डिस्कवर होता म्हणून वाचला. गालाला लावायचा सेन्सर ड्रॉवरच्या तळाशी गुंडाळून पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर बाराखडी उमटली आणि पहिली ओळ उजळली.

‘‘सांग,’’ तो म्हणाला. ‘‘जे असेल ते सांग. मी थांबतो.’’

ओळी सरकू लागल्या. तिचा गाल कित्येक आठवडे वापरात नव्हता, हुकायचा. ओळ निघून जायची, पुन्हा पहिल्यापासून. न. हेमंतच्या ओठांवर ‘नको’ आलं. त्याने ओठ दाबून धरले. फ आलं. त्याला ई जोडली. मग स, त्याला काना. हेमंतला कळलं, तरी तो गप्प राहिला. शेवटचं अक्षर येईपर्यंत त्याचा शर्ट घामाने भिजला होता.

नफीसाला बोलाव. तिच्यासमोर बोलेन.

त्याने ते दोनदा वाचलं. ती त्याच्यावर ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर ते त्याने सोसलं असतं. हे तिने फार साधेपणाने केलं होतं. आपल्या अशिलाला ती हेच सांगायची: ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्याशी एकटं बोलू नये, साक्षीदार ठेवावा.

नफीसाला फोनवर सगळं सांगावं लागलं. ऐकून ती एवढंच म्हणाली, ‘‘म्हणजे त्या दिवशी मी मशीनला मिठी मारून आले.’’

ती आली तेव्हा त्याने दार उघडलं, तिच्यासाठी पलंगाशी खुर्ची ठेवली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसला. आतून काही ऐकू येत नव्हतं. अक्षरफळा मुका होता. मधूनच नफीसाचा आवाज यायचा, ‘‘घाई नको, मला वेळ आहे,’’ आणि पुन्हा शांतता. लताबाई एकदा चहा देऊन आल्या आणि त्याच्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेल्या. ऊन वऱ्हांड्यातून सरकत पायरीपर्यंत गेलं, तेव्हा नफीसाने दार उघडलं.

‘‘ये.’’

तो दाराशी उभा राहिला. नफीसाने सगळं सरळ सांगितलं, निकाल वाचावा तसं. सुचेता वाईला जाणार नाही. ओवीला गरज आहे, तेव्हा हेमंतने जावं. पण सहा महिने नव्हे, दोन. तेवढे दिवस लताबाई रात्रीही राहतील, नफीसा रोज कोर्ट सुटल्यावर येईल. यापुढे या घरात सुचेताविषयी जे ठरेल ते तिला विचारून, डोळ्यांत बघून, आणि दुसऱ्या कोणासमोर.

‘‘म्हणजे ती जा म्हणतेय?’’ हेमंतच्या तोंडून निघून गेलं.

‘‘विचारलं असतंस तर तेव्हाही म्हणाली असती,’’ नफीसा म्हणाली. ‘‘दोन महिने म्हणाली असती.’’

त्याने मान खाली घातली. पायाखालची फरशी त्याला एकदम फार लख्ख दिसली.

‘‘थांब,’’ नफीसा म्हणाली. ‘‘तिला तुला काही विचारायचंय. तुला समोर बसवून.’’

तो खुर्चीवर बसला. पडद्यावर ओळी सरकू लागल्या. या वेळी गाल कमी हुकत होता. एकेक अक्षर येत गेलं आणि शब्द जुळत गेले. नफीसा मोठ्याने वाचणार होती, पण तिने वाचलं नाही. प्रश्न पुरा झाला तसं तिने तोंड खिडकीकडे वळवलं.

तुला ती आवडत होती?

सुचेता त्याच्याकडे बघत होती. रागाने नव्हे. साक्षीदाराला खरा प्रश्न विचारल्यावर ती जशी बघायची, तशी.

ते सकाळचे पेपर, ते टोमणे, ते हसू, न थांबता मिळणारी उत्तरं. तिच्या आवाजात, तिच्या थाटात, आणि वाट न बघायला लावता. आवडत होती. स्वतः सुचेता तीन हातांवर पडली असताना तिच्यापेक्षा जास्त आवडत होती. नाही म्हणणं सोपं होतं, आणि दयाळूही दिसलं असतं.

‘‘हो,’’ हेमंत म्हणाला.

सुचेताने नजर हलवली नाही. थोड्या वेळाने तिच्या गालाचा स्नायू हलला आणि पडद्यावर एक ओळ उजळून थांबली. ती काय म्हणणार आहे याचा अंदाज त्याला येईना. त्याने तो बांधलाही नाही.